हिरव्या पुडक्याची तारीख

शिनपू गावच्या शेतकऱ्यांना फान क्वो-तुंगनं दिलेला शब्द आता त्याच्याच गळ्याशी आला होता. "वाळवलेल्या पर्सिमन फळांच्या मागण्या फोनवर घेत बसू नका. माझ्या सर्व्हरवर येऊ द्या, गिऱ्हाईक आपलं आपण नोंदवील," असं त्यानं घरोघर जाऊन पटवलं होतं. हाक्का जमातीच्या शेतकऱ्याला नवीन काही पटवणं म्हणजे काय, ते हाक्कांनाच विचारावं. तरी बरं, तो स्वतः हाक्काच होता. दोन हंगाम सगळं सुरळीत चाललं. आणि ऐन चांद्र नववर्षाच्या तोंडावर, अख्खं तैवान एकमेकांना भेट द्यायला पर्सिमनचे डबे मागवतं त्या दिवसांत, सर्व्हरनं दगा दिला. त्यातल्या मेमरीच्या निम्म्या पट्ट्या मेल्या होत्या. यंत्र चालू करावं, मागण्यांची झुंबड उडावी आणि त्यानं मान टाकावी, असं सकाळपासून चाललं होतं.

"क्वो-तुंग, आमच्या जुन्या फोनला कधी असला ताप आला नव्हता हं," आ-किन काकांनी फोनवर सुनावलं. "पडवीत माल पडलाय. नववर्ष उलटल्यावर कोण विचारतंय त्याला? मी एकटा खाऊ का सगळा?"

"संध्याकाळपर्यंत सुरू करतो, काका."

"कर बाबा. नाहीतर पुढल्या वर्षापासून आम्ही आणि आमचा फोन. तुझं दुकान तू बघ."

करायचं काय, हे क्वो-तुंगला नीट कळत होतं. नव्या पट्ट्या घालायच्या, संपलं. पण आणायच्या कुठून? वर्षभरापूर्वी चिल्लर मोजून मिळणाऱ्या पट्टीचा भाव आता असा भडकला होता की शिंचू शहरातल्या दुकानदारानं आकडा सांगितला तेव्हा क्वो-तुंगला वाटलं, हा नव्या स्कूटरबद्दल बोलतोय. म्हणे सगळा माल ती मोठाली यंत्रं गिळताहेत, ज्यांना माणसासारखं बोलायला शिकवायचं आहे. बोलायला माणसं कमी पडली होती की काय कोण जाणे! बरं, कर्ज काढून पैसे मोजले असते, तरी माल नववर्षानंतरच येणार होता.

डोकं धरून बसलेला असताना त्याला एकदम म्हैस आठवली.

म्हैस हे त्याच्या आईनं ठेवलेलं नाव. चार वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीनं गाशा गुंडाळला आणि थकलेल्या पगाराऐवजी लोकांच्या हातात जुनी यंत्रं ठेवली. क्वो-तुंगच्या वाट्याला एक थोराड सर्व्हर आला. तो घरी चालू केला की पंख्यांच्या आवाजात शेजाऱ्यांचं भांडणही ऐकू येत नसे, आणि वीज तर तो घटाघटा प्यायचा. "ही म्हैस दूध तरी देते का?" असं आई येता-जाता विचारायची. शेवटी त्यानं तो बंद केला आणि पर्सिमन वाळवायच्या चाळण्यांमागे कोठीत ढकलला. त्या म्हशीच्या पोटात याच जातीच्या पट्ट्या गच्च भरलेल्या होत्या. त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि स्कूटर घराकडे पिटाळली.

घरी वर्षअखेरची सफाई चालली होती. रिवाजाप्रमाणे देव कालच वर्षाचा हिशेब द्यायला स्वर्गात रवाना झाले होते, त्यामुळे देव्हाऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळं धुऊन निघत होतं. कोठीचं दार सताड उघडं होतं आणि आतली फरशी लख्ख दिसत होती. चाळण्यांमागे काहीच नव्हतं.

"रुइ-चू! म्हैस कुठाय?"

बायको शिडीवरून म्हणाली, "दिली."

"दिली म्हणजे?"

"भंगारवाल्या आ-युआनला. सकाळी तुला फोन करून विचारलं ना, कोठीतली अडगळ देऊ का म्हणून? तू म्हणालास, दे, सगळं दे, पण आत्ता माझं डोकं खाऊ नकोस."

म्हणाला होता खरा. कशाला हो म्हणतोय हेही न ऐकता म्हणाला होता.

"आईला विचारायचंस तरी!"

"आईंना? त्यांनी फुटकी बादलीसुद्धा टाकू दिली नसती. त्या बाजारात गेल्या, तेव्हाच मी गाडी थांबवली. जशी कापडात गुंडाळलेली होती तशी चढवली. पण झालं काय?"

सांगायला तो थांबलाच नाही.

भंगाराच्या वाड्यापाशी एक पांढरी मोटार उभी दिसली आणि तो स्कूटर तशीच टाकून आत धावला. हल्ली शिंचूच्या चिप-कारखान्यांतले इंजिनिअर सुट्टी काढून भंगाराचे ढीग उपसत फिरतात आणि मेमरीच्या पट्ट्या उपटून नेतात, हे त्यालाही माहीत होतं. आत एक चष्मेवाला तरुण उकिडवा बसला होता. शेजारी उपटलेल्या पट्ट्यांचा ढीग, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि समोर कापड काढलेली म्हैस. पण तो तिला हात लावत नव्हता. आ-युआन त्याच्या डोक्याशी उभा राहून ओरडत होता.

"अहो साहेब, पोरांचा खाऊ आहे तो! फोडा, खा, आणि उघडा यंत्र!"

म्हशीच्या पाठीवर खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पुडकं चिकटपट्टीनं लावलेलं होतं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानभर यंत्रांवर ठेवतात तेच. हिरवंच लागतं, दुसरा रंग चालत नाही. तारीख उलटलेली चालत नाही. आणि ते कुणी खायचं तर मुळीच नाही.

"काका, मी तारीख बघितली," तरुण म्हणाला. "अजून शिल्लक आहे. म्हणजे हे यंत्र कामावर आहे. कामावरच्या यंत्राला मी नाही हात लावत. आमच्याकडे एकानं असं पुडकं उचललं, तर दुसऱ्या दिवशी यंत्रांची अख्खी रांग बंद! मालकाला विचारा आधी."

"मालक मीच! वजन करून घेतलंय!"

"पुडकं तुम्ही ठेवलंत?"

आ-युआननं कपाळाला हात लावला. "एवढे शिकलात, आणि कुरकुऱ्यांना भिता!"

"ते माझं आहे," क्वो-तुंग धापा टाकत म्हणाला. "यंत्र माझं आहे. चुकून दिलं गेलं."

"बघा!" तरुणाचा चेहरा उजळला. जणू मोठ्या संकटातून तोच सुटला होता.

आ-युआन थोडा कुरकुरला. एका पुडक्यापायी भर हंगामात एवढं गिऱ्हाईक गेलं, म्हणाला. मग पर्सिमनचे दोन डबे कबूल करून घेतले, तेही मोठे, आणि म्हैस उचलायला स्वतःच हात लावला. क्वो-तुंगनं तिथेच झाकण काढून आत डोकावलं. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला. तो शेजारच्या एका मोडक्या फ्रीजवर टेकला.

बसल्या बसल्या त्यानं पुडकं उलटून पाहिलं. तारीख येत्या उन्हाळ्यातली होती. त्यानं स्वतः म्हशीवर कधीच काही ठेवलं नव्हतं. कंपनीतलं पुडकं कंपनीतच राहिलं होतं.

ऊन उतरायच्या आत पट्ट्या दुकानातल्या सर्व्हरमध्ये बसल्या. यंत्र चालू झालं, मागण्यांची झुंबड उडाली, आणि या खेपेला त्यानं मान टाकली नाही. थोड्या वेळानं आ-किन काकांचा फोन.

"अरे, एकदम एवढ्या मागण्या? डबे कोण भरणार, तुझा सर्व्हर?"

इतकी गोड शिवी क्वो-तुंगनं वर्षभरात ऐकली नव्हती.

तो घरी आला तेव्हा आई स्वयंपाकघरात नववर्षाच्या वड्यांसाठी पांढरा मुळा किसत होती. रुइ-चूनं तिला सगळं सांगितलेलं दिसलं, कारण सून आज नको इतकी गोड बोलत होती. क्वो-तुंगनं पुडकं ओट्यावर ठेवलं.

"हे तू ठेवलंस?"

"ठेवते दर वर्षी. वाण्याच्या दुकानातली श्यो-इंग तारीख बघून देते. जुनं टाकून द्यायचं म्हणे, आपण खायचं नाही. जिवावर येतं माझ्या."

"बंद पडलेल्या यंत्रावर कशाला, आई? तू तर त्याला नावं ठेवायचीस."

"यंत्राचं काय करायचंय मला!" आई किसणी न थांबवता म्हणाली. "नोकरी गेली तेव्हा तू त्या म्हशीशेजारी बसून असायचास. दिवसच्या दिवस. जेव म्हटलं तर हूं, झोप म्हटलं तर हूं. मला भीतीच वाटायला लागली. तुझ्या त्या कंपनीत यंत्रं बिघडली की हे ठेवतात, ते मला माहीत होतं. माझ्याकडे दुसरं काय होतं? ठेवलं. पुढे काही दिवसांनी तू बोलायला लागलास. मग ते ठेवणं बंद करायची माझी छाती होईना."

क्वो-तुंगला काही बोलता येईना. आईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि क्षणभर तिचा किसणीवरचा हात थांबला.

ते पाहून त्यानं घाईघाईनं स्टूल ओढलं आणि आ-किन काकांच्या फोनपासून सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, एकही गोष्ट न गाळता. रुइ-चू दारात येऊन उभी राहिली. इंजिनिअर कुरकुऱ्यांना घाबरला तिथे आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुळा तसाच हातात राहिला.