माझ्या अक्षरातली चिठ्ठी

पोटगी वाढवून मिळावी म्हणून लेकीनं कोर्टात अर्ज टाकला, तेव्हा नात नऊ वर्षांची होती आणि पोटगी अजून ती तीन वर्षांची असताना ठरलेलीच. मधल्या काळात पोरीला दमा जडला. श्वासाच्या पंपाची किंमत दुप्पट झाली, घरभाडं वाढलं. लेक गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणं करते, तिचा पगार काही वाढला नाही.

मी म्हटलं, "त्या नालायकापुढं हात पसरू नकोस."

"बापाकडून लेकीचं मागतेय, भीक नाही. तू फक्त गप्प राहा, आई."

गप्प राहिले. पण आधी जे लिहून बसले होते, ते कोर्टात हजर होतं. जावयाच्या वकिलानं घडीचा कागद काढला आणि कोर्टाला वाचून दाखवला: 'आमच्या पोरीला काही कमी नाही. तुझ्या पैशावाचून आमचं अडत नाही. तुझे बूट तूच घाल.'

दोन वर्षांमागं त्यानं दुसऱ्या बायकोच्या पोरीचे उतरलेले बूट पाठवले होते. मी ते परत धाडले आणि लेकीला न सांगता आत ही चिठ्ठी खुपसली. चौथी शिकलेय मी, फुकट नाही.

मधल्या सुट्टीत लेकीनं मला व्हरांड्यात कोपऱ्यात घेतलं. "चिठ्ठीखाली सही नाहीये. तुला लिहिता येत नाही म्हण, अंगठा लाव. माझ्यासाठी नको, तिच्या पंपासाठी."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं. जज्जसाहेबांसमोर म्हणाले, "मला लिहिता येत नाही."

जबानी लिहून झाली. कारकुनानं शाईचा डबा सरकवला आणि माझा अंगठा धरला, जणू शेरडाचा कान. "अडाण्यांचं हे असंच. इथं दाबा, आजी."

माझ्या सासूनं जन्मभर अंगठा लावला, दोन्ही जावांनी लावला. त्या घरात सही करणारी मी एकटी. अंगठा सोडवून घेतला, त्याच्या खिशातलं पेन उपसलं आणि जबानीखाली पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

साहेबांनी चिठ्ठी आणि जबानी शेजारी ठेवली. सहीचं अक्षर चिठ्ठीशी ताडून बघितलं. जावई तेवढा हसला.

वाढ मिळाली ती अर्ध्या पंपाची. पुन्हा यायचं तर वर्षभराचा खर्च पावत्यांसकट लिहून आणा, असं सांगितलं.

लेक आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं कोरी वही आणि पंपाची पावती माझ्यापुढं टाकली.

"लिही," म्हणाली. "आता कोर्ट तुझं अक्षर ओळखतं."

आत नात खोकत होती. मी तारीख घातली.