सातमिनिटे मॅडमची घंटी

मी एक जुनी, टेबलावरची घंटी आहे. पालथी घातलेली पितळेची वाटी, वर एक बटण, पोटात एक स्प्रिंग आणि एक इवलासा हातोडा, एवढाच माझा पसारा. बटण दाबले की मी वाजते आणि भल्याभल्यांची बोलती बंद होते. यात फुशारकी नाही, माझे कामच ते आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण यंदा आमच्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात प्रवेश घेण्याच्या विचारात असतील. माहितीपुस्तिका तुम्ही चाळली असेलच. तिच्यातला इमारतीचा फोटो अशा बेताने काढला आहे की मागची गळकी टाकी दिसू नये. मी तसली लपवाछपवी करणार नाही. जे आहे ते सांगेन.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी एका हॉटेलच्या काउंटरवर गेले. ते दिवस फार वाईट होते. दमलेले, चिडलेले प्रवासी येत आणि पाच-पाच वेळा माझ्या डोक्यावर थापा मारत. पुढे हॉटेल बंद पडले आणि तिथले सामान विकायला काढले. एक काटकुळ्या, चष्मा लावलेल्या बाई आल्या. त्यांनी मला एकदाच दाबले, आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "हिला मी नेते." त्या या विभागात शिकवत होत्या. विद्यार्थी त्यांना सातमिनिटे मॅडम म्हणत. का, ते लगेच कळेल.

आमचा विभाग दोन मजल्यांचा आहे. खाली कार्यालय, वाचनालय आणि संगणक कक्ष. कोपऱ्यातला संगणक कायम रुसलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. वर चार वर्ग. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जागा साठ. एक तुकडी सकाळी भरते, दुसरी संध्याकाळी, नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. पहिल्या वर्षी बाजारपेठ, कायदा, हिशेब आणि माणसे सांभाळण्याची विद्या. मग आठ आठवडे प्रत्येकाला बाहेर कामाला पाठवतात. कोणी शीतगृहात जाते, कोणी बसच्या आगारात. एक जण तर रुग्णालयाच्या धुलाईघरात गेला होता. चादरी वॉर्डात वेळेवर का पोहोचत नाहीत, ते शोधताना त्याला घाम फुटला, पण शोधून काढले पठ्ठ्याने.

हे सगळे इतर ठिकाणीही असेल. पण चौथ्या वर्गात समोरासमोर दोन खुर्च्या आहेत, मध्ये टेबल आहे आणि टेबलावर मी आहे. तिथे जे चालते त्याला आम्ही बाजूपालट म्हणतो. दोघांनी समोरासमोर बसायचे आणि आपापली बाजू सात-सात मिनिटे मांडायची. मग खुर्च्या बदलायच्या आणि समोरच्याची बाजू, तो स्वतः आपणच आहोत असे समजून, पुन्हा सात-सात मिनिटे मांडायची. मी वाजले की शब्द अर्धा असला तरी थांबायचे. मी वाजत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही.

ऐकायला सोपे वाटते ना? जुनी गिरणी बंद करावी असे तावातावाने सांगणारा एक विद्यार्थी मला आठवतो. खुर्ची बदलल्यावर त्याला तिथल्या कामगाराच्या बाजूने बोलायचे होते. दोन वाक्यांत त्याचे शब्द संपले. उरलेली मिनिटे तो नुसता टेबलाकडे बघत बसला. त्या वर्षी सगळ्यात जास्त तोच शिकला, असे मॅडम म्हणत.

ते माझे सुखाचे दिवस होते. आमचे शिपाईकाका दर शनिवारी मला उलटी करून तेलाचा एक थेंब सोडत. "बोला घंटीबाई, घसा साफ आहे का?" असे विचारत. मग काका निवृत्त झाले. चौथा वर्ग मॅडमकडून नव्या प्राध्यापकांकडे गेला आणि ते मोबाइलवर वेळ लावू लागले. मी वाळलेल्या पेनांबरोबर खणात गेले. तीन पावसाळे मी तिथे काढले. ओलाव्याने माझ्या स्प्रिंगला गंज चढला आणि कोणाला पत्ताही लागला नाही. मला वाईट वाटले, रागही आला.

गेल्या वर्षीच्या ओळख दिवशी मॅडमनी मला आठवणीने बाहेर काढले. ओळख दिवस म्हणजे नवे विद्यार्थी आणि त्यांचे पालक विभाग बघायला येतात तो दिवस. कोणीतरी मला वरून घासून लख्ख केले. आत कोणी डोकावले नाही. अर्ज द्यायचाही तो शेवटचाच दिवस होता. पाच वाजता कार्यालयाची खिडकी बंद झाली की थेट पुढचे वर्ष.

सव्वाचार वाजता मॅडमनी विचारले, "बाजूपालट करून बघायला कोण येतंय?"

एका मुलीने हात वर केला. शेजारी बसलेल्या वडिलांचा हात धरून तोही वर केला. सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्यांचे रंगाचे दुकान होते. नखांच्या कडांना निळे-पांढरे डाग होते.

"वाद कशाचा?" मॅडमनी विचारले.

"मी इथे शिकावं की दुकानात बसावं, याचा," मुलगी म्हणाली. तिने भरलेला अर्ज माझ्या शेजारी ठेवला. "सगळं भरलंय. बाबांची सही तेवढी राहिलीय."

वर्गातले हसू तिथेच थांबले.

मुलगी आधी बोलली. दुकान वाढवायचे आहे, मोठी कामे घ्यायची आहेत, त्यासाठी शिकायचे आहे, असे तिने नीट सांगितले. मी वाजले. आवाज जरा घोगरा आला. मग वडील बोलले.

"रंग काय वर्गात बसून शिकतात? माझ्या दुकानात रंग मिसळायचं मशीन नाही. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येतं, मी बघतो, मिसळतो, संध्याकाळी डबा हातात देतो. तीस वर्षं झाली. एक डबा परत आलेला नाही. हे डोळ्यांचं काम आहे, मॅडम, पुस्तकांचं नाही."

मुलीने मान खाली घातली. मी दुसऱ्यांदा वाजले. खुर्च्या बदलल्या. वडिलांनी मुलीची बाजू मांडायला घेतली आणि मान वेळावून म्हणाले, "मला काय, दुकानात बसायचा कंटाळा येतो. रंग कपड्यांना लागतात. मैत्रिणी नाकं मुरडतात." लोक पुन्हा हसले. सात मिनिटे ते असेच इकडचे तिकडचे बोलत राहिले. तिसऱ्यांदा वाजताना माझ्या पोटात काहीतरी अडकले. माझे धाबे दणाणले. चौथ्यांदा मला वाजता येणार नाही, हे मला कळून चुकले होते, पण मी सांगणार कोणाला?

आता मुलीची पाळी होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार कधीच होऊन गेले होते.

"माझं रंगाचं दुकान आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षापासून मला फिकट निळा आणि फिकट हिरवा वेगळा ओळखू येत नाही. हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. मी दुपारी जेवायला जातो तेव्हा माझी मुलगी डबे उघडते आणि रंग दुरुस्त करून ठेवते. ते मला माहीत नाही. मला वाटतं, अजून एकही डबा परत येत नाही."

वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला. ही गोष्ट घरातली आहे, चारचौघांत व्हायला नको, हे मॅडमनी ओळखले. वेळ संपायच्या आतच त्यांनी माझ्या बटणावर हात मारला. ठप्प. पुन्हा मारला. ठप्प. मित्रांनो, त्या क्षणी मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"थांबू या आपण," मॅडम म्हणाल्या.

"घंटी वाजली नाही, मॅडम," वडील म्हणाले. "बोलू द्या तिला."

मुलीचे डोळे भरून आले होते, तरी ती बोलली. "मुलगी शिकायला गेली तर माझं कसं होणार, हे मला कोणाला विचारता येत नाही. म्हणून मी सांगत सुटतो, की रंग वर्गात शिकत नाहीत."

वडिलांनी टेबलाची कड घट्ट धरली. ते मुलीच्या खुर्चीत बसले होते, म्हणून त्यांनी मुलीचाच प्रश्न विचारला. "मग बाबा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तेवढं मला नाही माहीत, बाबा," मुलगी म्हणाली. "बाकी सगळं येतं मला तुमच्या बाजूचं. तेवढं एक येत नाही."

"लाज वाटली गं," वडील म्हणाले.

घड्याळात पाचला अकरा मिनिटे कमी होती. मॅडम सही करा असेही म्हणाल्या नाहीत, नका करू असेही नाही. वडिलांनी अर्ज पुढे ओढला. खिशातून पेन काढले. कागदाजवळ डोळे नेले, मग लांब केले, मग पुन्हा जवळ नेले. आता ते पेन ठेवून देतील, असेच मला वाटले.

"कुठे करायची सही?" त्यांनी विचारले. "मला रेघ दिसत नाही."

मुलगी उठून त्यांच्या बाजूला आली आणि तिने रेघेखाली बोट ठेवले. त्या बोटाच्या आधाराने त्यांनी सही केली. मग ती अर्ज घेऊन जिन्यावरून धावत सुटली, ती थेट खिडकीपर्यंत.

पुढे तपासणीत कळले, वडिलांना मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. महिन्याभराच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया झाल्या. मुलगी आता आमच्या संध्याकाळच्या तुकडीत आहे. मॅडमनी मला नवी स्प्रिंग बसवून आणली. गंज चढलाय हे मी आधी ओरडून सांगू शकले नाही, कारण मी वस्तू आहे. माणसांना तर बोलता येते, तरी ती गप्प राहतात.

म्हणून, मित्रांनो, इथे येण्याआधी माझे एवढे ऐका. घरातल्या मोठ्या माणसाला आज विचारा, "तुम्हाला काही त्रास होतोय का?" ते म्हणतील, "काही नाही." पुन्हा विचारा.