अडतीसच्या पुढे सहा रेघा

काचेच्या नळीतला पारा अडतीसच्या पुढे सहा बारीक रेघा चढला आणि तिथेच थांबला. नेलिदाने नळी उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ आणली, पुन्हा लांब नेली. पारा हलला नाही. तिने वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहिला आणि नळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. मित्रांनो, कुत्र्याला थर्मामीटर कुठे लावतात हे मी सांगणार नाही. पण तो आकडा माझा होता आणि पुढे त्यानेच एक मोठे काम केले.

मी एक म्हातारा कुत्रा आहे आणि माझ्या अंगावर केस नाहीत. टाळूपाशी थोडे राठ तांबूस केस आहेत, शेपटीच्या टोकाला आठ-दहा. बाकी सगळी नुसती कातडी, भाजलेल्या वांग्यासारखी काळी आणि मऊ. आमच्या जातीला इथे विरिंगो म्हणतात. पेरू देशाच्या उत्तरेला काताकाओस नावाचे गरम, धुळीचे गाव आहे, तिथे मी जन्मलो. माझे नाव तिसोन. तिसोन म्हणजे चुलीतून ओढून काढलेले अर्धवट जळके लाकूड.

आम्ही चार भावंडे होतो. तिघे उघडे आणि चौथा केसाळ. आमच्या जातीत हे नेहमी होते. आईबापांच्या अंगावर एक केस नसला तरी एखादे पिल्लू लोकर घेऊनच येते. गंमत अशी की त्या केसाळ पिल्लाला दातही सगळे असतात. आम्हा उघड्यांच्या दाढा मात्र जन्मापासूनच कमी. निसर्गाने केस आणि दात एकाच गाठोड्यात बांधले असावेत, एक गेले की दुसरे जाते. म्हणून माझी जीभ एका बाजूने बाहेर लोंबते आणि हाड मिळाले तरी मी ते नुसते चाटतो.

केसाळ पिल्लू कोणी घेईना. "हा कसला विरिंगो?" असे म्हणून लोक त्याला परत ठेवत. शेवटी शेजारचा रिक्षावाला कासिमिरो यार्लेके याने त्याला बखोटीला धरून उचलले.

"याला मी नेतो. सदरा घालून आलेला कुत्रा फुकटात मिळतोय, सोडू कशाला?"

त्याचे नाव पडले लानुदो, म्हणजे लोकरवाला. मला ठेवून घेतले मेल्चोराने.

मेल्चोरा चिरोके ही माझी मालकीण. मक्याला मोड आणून, तो दळून, दिवसभर उकळून आणि मग आंबवून जे पेय करतात, ती चिचा ती विकते. चिचा तयार झाली की दारावरच्या लांब बांबूला पांढरे निशाण चढते. निशाण दिसले की गिऱ्हाइके येतात, अंगणातल्या बाकांवर बसतात आणि तुंब्याच्या वाटीतून चिचा पितात. मडके रिकामे झाले की निशाण उतरते. चिचा थांबत नाही. दोन-तीन दिवसांत विकली नाही तर आंबट ढाण होते. म्हणून निशाण वर असताना मेल्चोरा कधी कुठे जात नाही, आणि एक मडके संपते तोवर दुसरे तयार झालेले असते.

माझे काम तिला पहिल्याच हिवाळ्यात सापडले. चुलीपाशी उभे राहून राहून तिचे गुडघे आखडायचे. एका संध्याकाळी मी सहज तिच्या पायांवर झोपलो, तर ती म्हणाली, "अगं बाई! ही तर चालती-फिरती शेगडी!" दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळले.

मग मला उसने न्यायला बायका येऊ लागल्या. "मेल्चोराबाई, अर्धा तास तिसोन द्या ना. सासूबाईंचा खांदा धरलाय." मी सासूबाईंच्या खांद्याला पाठ लावून पडून राही. कोणाची कंबर, कोणाच्या पोराची खोकून खोकून दुखणारी छाती. परत येताना माझ्या तोंडात माशाचा तुकडा असे. एकदा शाळेतल्या गुरुजींनी एक चित्र आणून दाखवले. दीड हजार वर्षांपूर्वीचे मातीचे भांडे होते आणि त्याचा आकार हुबेहूब माझ्यासारखा होता. तेव्हापासून मी मान जरा ताठ ठेवून चालू लागलो.

सगळेच कौतुक करत होते असे नाही. बाहेरगावचे लोक मला बघून पोरांना मागे ओढत. "लांब हो, खरूज झालीय त्याला!" एकाने दगडही मारला. उन्हात माझी पाठ भाजे, थंडीत दात वाजत, म्हणजे जेवढे आहेत तेवढे. पण मेल्चोरा मला कापसाच्या बियांचे तेल चोळी आणि दुपारी अल्गारोबोच्या सावलीत बांधी. हे झाड शमीच्या जातीचे असते, तितकेच काटेरी आणि तितकेच चिवट.

तीन वर्षांपूर्वी मेल्चोराचे पोट दुखू लागले. उजवीकडे, बरगडीच्या खाली. तळलेले डुकराचे मांस आणि कुटलेले केळे खाल्ले की हमखास. ती खाटेवर आडवी होई आणि हाक मारी, "तिसोन, ये रे." मी चढून बरोबर त्या जागी पोट टेकवी. तासाभराने कळ ओसरे. "ओढून घेतलीन बघ," असे म्हणून ती उठे आणि पुन्हा चुलीपाशी जाई.

तिची मुलगी नेलिदा गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. कमी बोलते, सगळे मोजून करते. तिने आईला पियुरा शहरात नेऊन तपासून आणले. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशनची चिठ्ठी दिली. मेल्चोराने ती अयाबाका गावच्या बंदिवान येशूच्या तसबिरीमागे खोचली.

"ईस्टरचा सप्ताह जाऊ दे," ती म्हणाली. सप्ताह गेला. "हे मडकं संपू दे." ते संपले. "नाताळात कोण कापून घेतं?"

खरे कारण वेगळे होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. तिची थोरली बहीण एर्मेलिंदा त्याच इस्पितळात गेली होती आणि पेटीतून परत आली होती.

"मावशी उशिरा गेली म्हणून वारली," नेलिदा म्हणे.

"गेली म्हणून वारली," मेल्चोरा म्हणे आणि मला हाक मारी.

थर्मामीटरची गोष्ट याच दिवसांतली. नेलिदाने आधी माझा ताप मोजला, मग कासिमिरोला त्याचा कुत्रा आणायला सांगितले. लानुदोने खूप आरडाओरडा केला. त्याच्याजवळ दात होते, पण त्याने सभ्यपणा दाखवला.

"आई, तिसोन अडतीस आणि सहा रेघा. लानुदो अडतीस आणि सात."

"नळी खोटं बोलते. हात लावून बघ ना!"

"ऊब दोघांची सारखीच आहे. लानुदोची लोकरीत अडकते, याची थेट तुझ्या हाताला लागते. एवढाच फरक आहे."

"म्हणजे माझा कुत्रा आतून पेटलेला आहे आणि मी रोज गोधडी घेऊन झोपतो?" कासिमिरो म्हणाला. तो नेलिदाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणून तिच्या आईला कोमाद्रे म्हणतो आणि थट्टा करण्याचा त्याला हक्क आहे. "कोमाद्रे, आज याचा सदरा भादरू का?"

मेल्चोरा हसली नाही. "तो दुखणं ओढून घेतो. सगळ्या गावाला माहीत आहे."

"ओढलं असतं तर खडे उरले नसते," नेलिदा म्हणाली. "तो खडे घालवत नाही, आई. फक्त तुला त्यांचा विसर पाडतो."

मी कान पाडले. मित्रांनो, तोवर मला वाटत होते की मी मेल्चोराला बरे करतो आहे. त्या दिवसापासून तिने हाक मारली की मी जायचो, पण पाय जड व्हायचे. न जावे तर ती कळवळते. जावे तर चिठ्ठी तसबिरीमागेच राहते. कुत्र्याने काय करावे?

दीड वर्ष असेच गेले. मग एक रविवार आला. निशाण वर होते, मडके काठोकाठ भरलेले, बाकांवर गिऱ्हाइके. आदल्या दिवशी कोणाच्या तरी बारशाचे तळलेले मांस घरी आले होते आणि मेल्चोराने ते खाल्ले होते. सकाळी मेल्चोरा भर उन्हात शाल गुंडाळून कुडकुडत होती. दुपारी तिने शाल फेकली आणि ती ओसरीतल्या खाटेवर पडली.

"तिसोन, ये रे."

मी चढलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा ठेवला. मग ती किंचाळलीच.

"नेलिदा! तिसोन गार पडलाय! अगं, कुत्रा गार पडलाय माझा!" ती कोपरावर उठून बसली. "कासिमिरो, रिक्षा काढ! पियुराला गुरांचा डॉक्टर आहे ना, आत्ताच्या आत्ता ने याला. चिचेचं काय व्हायचं ते होऊ दे!"

कासिमिरो हातातली वाटी तशीच धरून उभा राहिला. "कोमाद्रे, दीड वर्ष मी तुझ्यासाठी रिक्षा काढतो म्हणतोय. दर वेळी तुझं मडकं आडवं येतं."

"माझं सोड! याच्याकडे बघ!"

नेलिदाने नळी आणली, झटकली आणि आधी मला लावली. अडतीस आणि सहा रेघा. वही उघडून तिने आईला जुना आकडा दाखवला, अगदी तोच. मग नळी धुऊन, पुसून आईच्या काखेत ठेवली.

नेलिदाने नळी बाहेर काढली. एकोणचाळीस आणि आठ रेघा. माणसाला सदतीस पुरतात.

"कुत्रा गार पडलेला नाही, आई," ती अगदी हळू म्हणाली. "तो रोजच्याइतकाच गरम आहे. आज तू त्याच्यापेक्षा जास्त तापली आहेस. आणि तुझे डोळे पिवळे झालेत."

मेल्चोराने नळी स्वतः हातात घेतली. एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

मित्रांनो, आता माझे बारावे वर्ष सरले आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मला उसने न्यायला फारसे कोणी येत नाही. पण हे सांगत असताना मेल्चोरा माझ्यापासून चार हातांवर बसून मका निवडते आहे आणि मी वाटेत पडलो म्हणून मला शिव्या देते आहे. त्या शिव्या ऐकून मला किती हलके वाटते म्हणून सांगू! तिच्या पोटावर चार लहान व्रण आहेत. बाटलीत तेवीस खडे आहेत आणि कासिमिरो ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मोजून दाखवतो. तिचे पाय अजून दुखतात. तेवढे काम माझ्याकडे उरले आहे आणि ते मी खुशीने करतो.

माझे तुमच्याकडे थोडेच मागणे आहे. माझ्यासारखा कुत्रा दिसला तर त्याला दगड मारू नका, उन्हात बांधू नका, थंडीत एखादे फडके द्या. त्याच्या केसाळ भावंडाला परका समजू नका, त्याच्या अंगात तेवढीच ऊब असते. आणि तुमच्या घरात कोणी रोज पोटाशी ऊब धरून "बरं वाटतंय" म्हणत असेल, तर त्याला एकदा डॉक्टरकडे न्या. आमच्याने होईल तेवढी सोबत आम्ही करतो. त्यापुढचे तुम्हालाच करावे लागते.

पण त्या दुपारी यातले काहीच घडलेले नव्हते. वारा सुटला होता आणि बांबूवर निशाण फडफडत होते. मेल्चोराने त्याच्याकडे पाहिले, मग भरलेल्या मडक्याकडे, मग आतल्या भिंतीवरच्या तसबिरीकडे. तिचा हात माझ्या पाठीवर होता. मी हललो नाही. मग तिने हात उचलला आणि ती अंगणातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कासिमिरो, निशाण उतरव. मडकं राहू दे तसंच. नेलिदा, तसबिरीमागची चिठ्ठी काढ. मी ऑपरेशन करून घेते."