घाबरायचं बटण

दोन मुठींत मावेल एवढा मी, व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. उडी मार, वल्हव, थांब, एवढीच माझी विद्या. कारखान्यात पाठीवर चार स्क्रू आवळून मला खोक्यात भरलं आणि मी टिटवीच्या घरी आलो.

टिटवी हे तिचं घरातलं नाव. वय दहा. खेळताना तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. तिचा लाडका गेम एका नावाडी मुलीचा: वादळातून होडी न्यायची आणि सात दीपस्तंभ पेटवायचे. तिच्या अंगठ्यांनी माझ्या बटणांवरची चिन्हं पार पुसली. मला त्याचं कौतुकच होतं.

निबंधाच्या पेपरात मात्र या बोलक्या पोरीने दोन ओळी लिहिल्या आणि उरलेला कागद कोरा दिला. बाबा घरोघरी पंखे दुरुस्त करायचे. दिवसभर शिडीवर उभे राहून दमून आले होते. त्यांनी पेपर पाहिला, माझी वायर गुंडाळली आणि मला कपाटावर टाकलं. वर तिला वाचनालयात भरणाऱ्या, गोष्टी लिहायला शिकवणाऱ्या वर्गात घातलं. तीन शनिवार गेले, वही कोरीच.

चौथ्या शनिवारी तिने स्टुलावर चढून मला गुपचूप दप्तरात कोंबलं. वर्गात टेबलाखाली मला नुसती धरून बसली. वर्ग घेणाऱ्या बाईंनी ते पाहिलंच. सगळी मुलं माना वळवून बघायला लागली. आता आपण जप्त होणार, असं मलाही वाटलं.

बाई खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. यातलं मला ओ की ठो कळत नाही, शिकवशील का, असं त्यांनी विचारलं. मग काय, टिटवी सुटलीच! बाई मध्येच अडवायच्या. होडीला वास कसला येतो? ही मुलगी दिवे लावते ते कुणासाठी? यातलं गेममध्ये काहीच नव्हतं. टिटवी आधी अडखळली, मग मनाने रचून सांगायला लागली.

"लाट अंगावर आली आणि ती घाबरली, तर कुठलं बटण दाबायचं?" बाईंनी विचारलं.

टिटवीने मला उलटंपालटं करून पाहिलं. "घाबरायचं बटणच नाहीये."

"मग तिथूनच लिही."

तिने मला बाजूला ठेवलं आणि पेन्सिल घेतली. इतकी वर्षं त्या हातांत काढली, पण ते असे हळू चालताना मी प्रथमच पाहिले. एकदा तिने नावाडी मुलीला बुडवलं आणि पुन्हा काठावर आणलं. गेममध्ये तसंच असतं म्हणाली. गोष्टीत तिला एकच जीव दिला तर, असं बाईंनी हळूच विचारलं. टिटवीने अख्खं पान खोडलं.

पुढच्या शनिवारी बाबा तिला न्यायला जरा लवकर आले. टेबलावर मी दिसलो. त्यांच्या कपाळावर आठी चढली, पण बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. टिटवी वाचत होती.

"लाट आली तेव्हा तिचे हात वल्ह्यावरून सुटले. बाबा उंच शिडीवर असतात तेव्हा घरी बसून पोटात जसं होतं, तसं तिला झालं."

बाबा दारातच थांबले. खांद्यावरची हत्यारांची पिशवी त्यांनी आवाज न करता खाली ठेवली.

"मग? पोचली का ती?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही, बाबा."

ते मुलांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे पोटाशी घेऊन बसले. म्हणाले, "ठरव. मी आहे इथे."

आता मी वाचनालयातच असतो, टिटवीनेच ठेवलंय. माझी डावी कळ ढिली झालीय, वायर कशालाच जोडलेली नाही. कुणाची गोष्ट अडली की बाई मला त्याच्या हातात देतात आणि शेजारी बसतात. विचारायचं कसं आणि विचारून गप्प कसं बसायचं, हे या बाईंकडून शिकावं.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कपाटावर टाकण्याआधी मुलांपाशी क्षणभर टेका आणि पुढे काय होतं ते विचारा. उत्तराला वेळ लागेल. उठू नका.