पिवळी शाई

"पपा, उन्हात ठेवून ठेवून करपवून टाकाल मला!" गच्चीच्या पायरीवर बसलेली आराधना म्हणाली.

काचेखाली तिचाच फोटो तापत होता. फिलिप साळवेचा कोल्हारला स्टुडिओ. लेकीच्या लग्नात त्याला हातानं केलेला मोठा फोटो द्यायचा होता. चांदीचा क्षार लावलेला कागद, त्यावर प्रिंटरवर छापलेली पारदर्शक निगेटिव्ह, वर काच, आणि ऊन. ऊन लागेल तिथं कागद तपकिरी होतो, अडेल तिथं पांढरा राहतो. ऐकायला सोपं, पण सगळी मेख शाईत होती. नुसत्या काळ्या शाईनं ऊन पुरतं अडत नसे, चेहऱ्याचा नुसता काळपट डाग व्हायचा. पिवळी वाढवली की लेक मैद्यासारखी पांढरी. ती शाई डोळ्याला पाणचट दिसते, पण ऊन अडवण्यात तिच्याइतकी हट्टी दुसरी नाही. फिलिप रोज दोन्हींचं प्रमाण बदलत होता आणि रोज कागद वाया घालवत होता.

एरवी उजळ करणं हाच त्याचा धंदा. गिऱ्हाइकानं सांगायचीही गरज नसे, कॉम्प्युटरवर हात आपसूक जायचा. बायको लिडिया सावळी होती. ती वारली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही खरा फोटो निघाला नाही. सगळे ह्यानंच उजळून ठेवलेले. भिंतीवरची ती गोरी बाई त्याला आजही परकी वाटते, आणि स्वतःचा राग येतो. आराधना आईवर गेलेली. तिला तरी तो पुसणार नव्हता.

त्या दिवशी कागद धुवायच्या पाण्यातून वर आला आणि फिलिप बघतच राहिला. गालाचा, कपाळाचा रंग जसाच्या तसा.

"ही हाय माजी पोरगी," तो म्हणाला.

आराधनानं फोटो कितीतरी वेळ न्याहाळला. "मम्मीसारखी दिसते मी," ती हळूच म्हणाली.

दुपारी ब्लाउजचं माप न्यायला विहीण ग्लोरियाबाई आल्या. फोटो बघून म्हणाल्या, "लई छान हाय. पन हॉलच्या दारात लावनार ना? आमची समदी मानसं येतील. जरा उजळ करा की, तुमच्या तर हातातलं काम हाय."

"पोरगी अशीच हाय, विहीनबाई. तुमी बघूनच पसंत केली ना?"

"आमी केली हो! लोकांचं काय?" त्या हसत म्हणाल्या.

फिलिपचं डोकं फिरलं. "लावला तर ह्योच फोटो लागंल."

ग्लोरियाबाईंचं हसू मावळलं. चहाचा ट्रे घेऊन आलेली आराधना दारातच थबकली होती.

"पपा, करा ना उजळ."

"तुला आवडला हुता न्हवं?"

"आवडला." तिनं कप विहीणबाईंच्या हातात दिला. "पण मला तिथं राहायचंय."

आत जाऊन फिलिपनं पिवळी वाढवली, नवी निगेटिव्ह छापली, नवा कागद काचेखाली ठेवला. गच्चीवर अजून चांगलं कडक ऊन होतं. बघता बघता फोटोतला मागचा पडदा तपकिरी झाला, खुर्ची झाली, केस झाले. लेकीच्या चेहऱ्यापर्यंत मात्र ते ऊन पोचलं नाही.