मोदकांशिवायचे दिवस

मी एक जुने मोदकपात्र आहे, ॲल्युमिनियमचे, आत दोन चाळण्या असलेले. अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबून, घासून मला घडवले आणि उल्हासनगरच्या भांड्यांच्या बाजारात आणून मांडले. तिथे बनूबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिले, झाकण घट्ट बसते का ते तपासले. दुकानदार शेठ हसत म्हणाला, "ले जाओ भाभी. गणपती में काम करेगा, बाकी साल आराम."

त्याचे म्हणणे खरे ठरले. शिवमंदिराजवळच्या बनूबाईंच्या घरी मी गणपतीपुरते गॅसवर चढायचे आणि एरवी वर्तमानपत्रात गुंडाळलेले माळ्यावर पडून असायचे. त्या दिवसांत कौतुक मात्र फार व्हायचे. "एकही मोदक फुटला नाही बघ," असे बनूबाई शेजारणीला सांगायच्या, तेव्हा मला केवढे बरे वाटायचे! मग पुन्हा माळा. खाली कुकर आणि कढई रोज राबत, काळी पडत, घासली जात. मी चकचकीतच राहिले. मित्रांनो, न वापरलेल्या भांड्याची ती चमक मला बोचायची.

घरात माणसे तीन. बनूबाई, त्यांची मुलगी स्वप्नाली आणि धाकटा सुजित. स्वप्नाली आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सुजित उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कापड कापायचा. चांगला धडधाकट मुलगा, पण हळूहळू त्याचे पाय सुजू लागले, तोंडाची चव गेली. तपासण्या झाल्या तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले. डायलिसिस सुरू झाले. ज्या दिवशी ते असे, त्या दिवशी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि त्याच्याशी कोणी बोलायचे नाही.

बनूबाईंना मधुमेह, त्यांची किडनी चालणार नव्हती. स्वप्नाली म्हणाली, "माझी घ्या."

तिची जुळली. पण डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले, "तुमचं वजन जास्त आहे आणि साखर काठावर आहे. पुढे तुम्हाला एकाच किडनीवर आयुष्य काढायचंय. आधी वजन उतरवा, मग बघू."

घरी येऊन तिने जेवणच सोडले. चहा बिनसाखरेचा, दुपारी काकडी, रात्री काही नाही. थोड्याच दिवसांत ती कंपनीत चक्कर येऊन पडली. तेव्हा दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम तिच्यावर रागावल्या. "उपाशी राहून तुम्ही स्वतः आजारी पडाल. पोटभर खा, पण घरचं खा. वाफवलेलं खा, तळलेलं बंद."

वाफवलेलं! त्या संध्याकाळी स्वप्नाली स्टुलावर चढली आणि माळ्यावरून मला खाली काढले. बनूबाई म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठे गणपती?"

"गणपती नाही गं. इडल्या करायच्यात. नाचणीच्या."

मी मोठ्या उमेदीने कामाला लागले. पण चाळण्यांवर वाट्या मांडून वाफवलेल्या पहिल्या इडल्या दगडासारख्या झाल्या. बनूबाईंनी एक उचलली, ओट्यावर आपटली आणि म्हणाल्या, "हिने खिळा ठोकता येईल." स्वप्नाली रडकुंडीला आली. मग दोघींनी मिळून उडीद डाळ वाढवली, पीठ नीट आंबू दिले, आणि पुढच्या खेपेला झाकण उघडले तेव्हा इडल्या टम्म फुगलेल्या होत्या. त्यानंतर माझ्यात काय काय शिजले! मूगडाळीचा ढोकळा, कोबीचे मुटके, मोड आलेली मटकी. अळूवड्यासुद्धा वाफवून नुसत्याच खाल्ल्या जाऊ लागल्या. माझी चमक गेली, तळाला पांढरी रेघ धरली. मला आनंदच झाला.

वजन मात्र थोडे उतरून तिथेच अडकले. कारण सुजित.

बरे वाटेल त्या दिवशी तो कारखान्यात चक्कर मारायचा आणि येताना ताईसाठी खाऊ आणायचा. कधी तळलेल्या कडक पुऱ्यांचे दाल पकवान, कधी जिलबी, कधी गरम वडे. "एकाने काय होतंय ताई? खा ना." आजारी भावाने एवढ्या प्रेमाने आणलेले, तिला नाही म्हणवत नसे. ती खायची आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभी राहून तोच आकडा बघायची.

एका रविवारी सकाळी मी गॅसवर होते, आत मुटके शिजत होते. सुजित दाल पकवानाचा पुडा घेऊन आला. स्वप्नालीने तो हातात घेतला, पण उघडला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"सुज्या, तू हे मुद्दाम आणतोस ना?"

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला. "हो, मुद्दाम. तू बारीक झालीस की ते तुला कापणार. माझं जे व्हायचंय ते होऊ दे. उद्या तुला काही झालं तर मी आईला तोंड काय दाखवू?"

बनूबाईंच्या हातातला चमचा थांबला. स्वप्नालीने पुडा ओट्यावर ठेवला.

"तू डायलिसिसहून येतोस ना, तेव्हा दार उघडल्या उघडल्या मी आधी तुझा चेहरा बघते. आज कसा आलाय म्हणून. मला नाही सहन होत रे ते. मी काय उपकार करत नाहीये तुझ्यावर. किडनी माझी आहे, द्यायची की नाही ते मी ठरवणार. घ्यायची की नाही ते तू ठरव. नको असेल तर तोंडाने सांग. असं पकवानातून नको सांगू."

सुजित स्टुलावर बसला. डोळे पुसले. मग हळूच म्हणाला, "भीती वाटते गं."

"मला पण वाटते."

त्या दिवशी पकवान शेजारी दिले गेले. पुढच्या रविवारी सुजितने स्वतःहून सुरी घेतली आणि कोबी चिरायला बसला. कापड कापणारा हात तो, कोबी असा बारीक चिरला की बनूबाई बघतच राहिल्या. हळूहळू काटा पुन्हा खाली सरकू लागला. साखरही उतरली. आणि एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी होकार दिला.

ऑपरेशनच्या सकाळी दोघे मुंबईच्या दवाखान्यात, सोबत नातेवाईक होते. बनूबाईंना घरीच थांबवले होते. दुपार झाली तरी काही कळेना, काय करावे ते सुचेना, म्हणून त्यांनी सवयीने मला गॅसवर ठेवले. खायला घरात कोणी नव्हते, तरी ठेवले. आणि देवासमोर जाऊन बसल्या. माझ्यातले पाणी आटत गेले, सगळे संपले. माझा तळ तापून तडतडू लागला, घरभर करपल्याचा वास सुटला. मला ओरडता आले असते तर ओरडले असते. तेवढ्यात दवाखान्यातल्या नातेवाइकाचा फोन आला. "दोघंही बरी आहेत मावशी. किडनी लगेच चालू झाली." बनूबाई फोन छातीशी धरून रडत होत्या, आणि मी जळत होते. गॅस त्यांनी बऱ्याच वेळाने बंद केला.

तेव्हापासून माझा तळ काळा आहे आणि थोडा वाकलाही आहे. गॅसवर ठेवले की मी डुगडुगते. स्वप्नाली घरी आल्यावर म्हणाली, "आई, नवीन घेऊ या का?" सुजित म्हणाला, "राहू दे. खाली एक चकती सरकवली की झालं."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी ताटातली भजी बाजूला सारत असेल. त्याची थट्टा करू नका, आग्रहही करू नका. त्याच्या शेजारी बसा, जमले तर थोडी भाजी चिरून द्या. त्याच्या मनात काय चालले आहे, ते तो तुम्हाला सांगेलच असे नाही. आणि माझ्यासारखे एखादे भांडे तुमच्या माळ्यावर असेल, तर त्याला सणाची वाट पाहायला लावू नका. खाली काढा, धुवा, रोजच्या कामाला लावा. फक्त मध्येमध्ये झाकण उघडून बघा, पाणी आहे ना.