उभा बैल, ओढणारा बैल

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही एका खोलीच्या दाराबाहेर बसला आहात. आत सगळे सोबती आहेत, पण तुम्हाला उंबरा ओलांडायची बंदी आहे. का, तर म्हणे तुम्ही हात लावला की संगणक बंद पडतो. तुम्ही काहीच केलेलं नाही. पण हात लावल्याशिवाय ते दाखवता येत नाही, आणि हात कुणी लावू देत नाही.

नेकनूरजवळच्या वसतिगृहात अंजू अशीच अडकली होती. आईबाबा ऊसतोडीला गेले की ती तिथं राहायची. संगणकावर ती बैलगाडीचं हलतं चित्र करत होती. गाडी पळायला लागली की पडदा काळा! बाकीची मुलं नुसती टाइप करायची, त्यांचं कधी काही अडत नसे.

"अंजूच्या बोटातच करंट हाय," स्वप्नाली म्हणाली आणि सगळी हसली.

वसतिगृह सांभाळणाऱ्या तुळजाबाईंनी अंजूची खुर्ची उचलून बाहेर ठेवली. "उद्या मशीन तपासाया त्रिंबक सर येतील. मशीनीत खोट न्हाई निघाली, तर आईबाप येईस्तोवर तू बाहेरच."

दुसऱ्या दिवशी सरांनी संगणक उघडला. भिंतीतली वीज संगणकाला झेपेल अशी करून देणारी एक लोखंडी पेटी आत असते, तिला पॉवर सप्लाय म्हणतात. सरांनी तिच्या सगळ्या वायरी सोडवल्या, ती एकटीच चालू केली आणि वीज मोजायचा मीटर लावला.

"बारा व्होल्ट पाहिजेत, बाराच हायत. पेटी चांगली हाय."

तुळजाबाईंनी दाराकडे पाहिलं. आता मीटरसुद्धा अंजूच्या विरुद्ध बोलला होता. खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली.

"सर, उभा बैल बघून कुणी घेतं का?"

"म्हंजी?"

"बाजारात आमचे बाबा बैल गाडीला जुंपून बघत्यात. गाडीची चाकं बांधत्यात अन् मग ओढ म्हणत्यात. नुसते उभे असले तर समदेच बैल झ्याक दिसत्यात."

तुळजाबाई एकदम म्हणाल्या, "खरंय बाई. आमच्या आबानं उभाच घेतलता. पहिल्या चढालाच बसला मेला!"

सर मोठ्यानं हसले. त्यांच्याही घरी बैल होते. त्यांनी सगळ्या वायरी पुन्हा जोडल्या, संगणक चालू केला आणि पेटीच्या वायरीच्या एका मोकळ्या टोकाला मीटर लावून धरला.

"आता जुंपू ह्याला. स्वप्नाली, अंजूची गाडी पळव."

स्वप्नालीनं बटण दाबलं. पडद्यावर बैलगाडी निघाली. संगणकाला काम पडलं तसा तो जास्त वीज खेचायला लागला, आणि मीटरवरचा आकडा खाली यायला लागला. साडेअकरा. अकरा. थरथरत त्याच्याही खाली गेला आणि पडदा काळा झाला.

स्वप्नालीनं हात झटक्यात मागं घेतला. "म्या काय न्हाई केलं!" तिचे डोळे भरून आले.

"तू न्हाई, पेटी बसली," सर म्हणाले. "नवी आणावी लागंल."

तुळजाबाई दाराकडे वळल्या, पण त्या काही बोलायच्या आत अंजूनं खुर्ची उचलली, उंबरा ओलांडला आणि ती स्वप्नालीच्या अगदी शेजारी मांडली.